पत्ते खेळून पोट भरतं का? कार्ड गेमच्या पेशाचा खरा हिशेब

धाकट्या बहिणीचा फोन आला तो थेट किमतीवरच. "दादा, एका पत्त्याचे चाळीस कोटी? खरं आहे का रे?"

खरं आहे. अमेरिकन यूट्यूबर लोगन पॉल याने पोकेमॉनचं एक दुर्मीळ पिकाचू कार्ड ५२ लाख ७५ हजार डॉलरला घेतल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं. रुपयांत चाळीस कोटी. पुढच्याच वर्षी पोस्ट मलोन या गायकाने 'मॅजिक: द गॅदरिंग' या खेळाचं, जगात एकच प्रत छापलेलं एक कार्ड वीस लाख डॉलरच्या वर मोजून घेतलं. असे आकडे वर्ष-दीड वर्षाने फॉरवर्ड होत होत आपल्या फॅमिली ग्रुपवर येतात आणि ज्यांच्या घरी आठवी-नववीतलं पोर कार्डांचे अल्बम घेऊन बसलेलं असतं त्यांच्या पोटात एकदम गोळा येतो. म्हणजे आशा आणि भीती असं मिश्रण. बहिणीचा मुलगाही त्यातलाच. "हा म्हणतो, परदेशात लोक हेच खेळून पैसे कमावतात. प्रो प्लेयर असतात म्हणे. असतात का?"

असतात. पण चाळीस कोटींचा आणि त्यांचा संबंध नाही. सचिनची एखादी बॅट लिलावात कितीला गेली यावरून रणजी खेळाडूला महिन्याला काय मिळतं ते कळत नाही, तसंच हे. संग्राहकांचा बाजार वेगळा, खेळाडूचा पेशा वेगळा. हा लेख पेशाबद्दल आहे, आणि उदाहरण 'मॅजिक'चं घेतो, कारण या पेशाचा पाया याच खेळाने घातला.

कॅट घरून आणायचा

आपले पत्त्यांचे खेळ आठवा. मेंढीकोट, झब्बू, पाच-तीन-दोन. थोडं मागे गेलात तर सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा, गोल पानं, एकशे वीस. या सगळ्यांत एक गोष्ट समान: मधे एकच कॅट, तो पिसायचा, वाटायचा, जे येईल त्यावर खेळायचं.

ट्रेडिंग कार्ड गेममध्ये प्रत्येक जण आपला कॅट घरून घेऊन येतो. बाजारात हजारो वेगवेगळी पानं असतात, प्रत्येक पानावर ते काय करू शकतं हे लिहिलेलं असतं. त्यातली निवडून तुम्ही तुमचा साठ पानांचा कॅट बांधता, समोरचा त्याचा बांधतो, आणि मग दोघं भिडतात. या बांधलेल्या कॅटाला डेक म्हणतात. पानं सीलबंद पाकिटांत मिळतात, आत काय निघेल ते माहीत नसतं, म्हणून अदलाबदल होते; 'ट्रेडिंग' हा शब्द तिथून आला.

हे डोकं रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाचं. ऑगस्ट १९९३ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने मॅजिक बाजारात आणलं. पोकेमॉन, यू-गी-ओ वगैरे सगळे त्याच्या मागून आले.

मॅजिकमध्ये दोघांनाही वीस-वीस गुणांचं आयुष्य मिळतं, समोरच्याचं शून्यावर आणायचं. पानांचे मुख्य दोन प्रकार. एक म्हणजे जमीन: ती स्वतः काही करत नाही, पण दर फेरीला एकेक मांडत गेलात की तिच्यातून इंधन मिळतं. दुसरी म्हणजे ते इंधन खर्चून खेळायची पानं: राक्षस, सैनिक, जादूचे मंत्र. जमीन कमी आली तर हातात भारी पानं असून बसून राहायचं. जास्त आली तर शेतं भरपूर आणि पेरायला बियाणं नाही.

नशीबच ना, मग त्यात कौशल्य कसलं?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि रास्त आहे. म्हणून भाच्याला एक उद्योग दिला. तुम्हीही घरी करू शकता. दोन कॅट घ्या. त्यातली काळी चोवीस आणि लाल छत्तीस अशी साठ पानं वेगळी काढा. काळं पान म्हणजे जमीन. साठात चोवीस हे मॅजिकमधलं नेहमीचं प्रमाण आहे. नीट पिसा, वरची सात पानं उचला, काळी मोजा, लिहून ठेवा, परत पिसा. शंभर वेळा.

भाच्याने दुपारभर बसून हे केलं. वहीत चार उभ्या आणि एक आडवी अशा रेघांचे जुडगे काढले. शंभरात सोळा वेळा त्याच्या हातात काळं पान एकच किंवा एकही नाही असं आलं. गणिताने उत्तर चौदा टक्क्यांच्या थोडं वर येतं, म्हणजे पोराने पिसलं नीट. अर्थ असा की जगातला सर्वोत्तम खेळाडू असलात तरी साधारण सात डावांत एकदा तुम्ही लंगडे हात घेऊन बसता. हात परत करून दुसरा मागता येतो, पण त्याची किंमत एक पान.

म्हणून बुद्धिबळात जगज्जेता जसा नवख्याला शंभरात शंभर वेळा हरवेल, तसं इथे होत नाही. मॅजिकचे अव्वल व्यावसायिक एकमेकांविरुद्ध आणि तोडीच्या लोकांविरुद्ध साधारण साठ टक्के सामने जिंकतात. फार मोठे असतील तर आणखी थोडे वर. बस्स. वाचायला किरकोळ वाटतं. पण कौशल्य दिसतं ते लांब पल्ल्यात.

प्रो टूर ही या खेळातली सगळ्यात मानाची स्पर्धा. तीत दोन दिवसांत साखळीच्या सोळा फेऱ्या होतात आणि वरचे आठ जण तिसऱ्या दिवशी बाद फेरीत जातात. आठांत यायला साधारण बारा विजय लागतात. आता हिशेब मांडा. प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा, पन्नास टक्के असेल, तर सोळांत बारा किंवा जास्त जिंकण्याची शक्यता सव्वीसात एक. तेच साठ टक्के असेल तर सहात एक. सामन्यामागे दहा टक्क्यांचा फरक, पण स्पर्धेअखेर चौपटीहून जास्त. शेअर बाजारवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही, आणि पुढे दिसेल की या खेळातली माणसं तिकडे का गेली.

नशीब आणि डोकं यांची सांगड कशी असते, ते एका डावात दिसतं. मार्च २००६, होनोलुलू, प्रो टूरची उपांत्य फेरी. इंग्लंडचा क्रेग जोन्स विरुद्ध फ्रान्सचा ऑलिव्हिए रुएल. जोन्स हरत आलेला. रुएलची फौज मैदानात, पुढच्या फेरीत तो संपवणार हे उघड. जोन्सच्या हातात चार गुणांचा मारा करणारं एक पान. ते रुएलच्या सैनिकावर टाकलं तर आणखी एक श्वास मिळाला असता. कोणीही तेच केलं असतं, कारण मरायला टेकलेला माणूस आधी जीव वाचवतो. जोन्सने मारा थेट रुएलवर केला. रुएल सातवरून तीनवर. आता जोन्सला वाचवणारी एकच गोष्ट उरली होती: पुढचं पान असं निघावं की जे थेट तीन गुण कापेल. त्याने गठ्ठ्यावरचं पान उचललं आणि न बघता टेबलावर उलटं केलं. 'लाइटनिंग हेलिक्स'. बरोबर तीन.

अंतिम सामना तो हरला, पण त्या एका पानाने त्याच्या बक्षिसात मोठा फरक पडला. म्हणून आजही त्या पानाला सोळा हजार डॉलरचं हेलिक्स म्हणतात. व्हिडिओ पाहणाऱ्याला फक्त नशीब दिसतं. खेळाडूला त्याच्या आधीची चाल दिसते: सैनिकावर मारा करून तो फक्त उशिरा मेला असता. जिंकायची वाट एकच होती, ती अरुंद होती, आणि त्याने सगळं तिच्यावर लावलं.

तयारी म्हणजे कांद्याचं गणित

मॅजिकचा व्यावसायिक स्पर्धेच्या दिवशी जेवढा खेळतो त्याच्या कितीतरी पट स्पर्धेआधी खेळतो. दहा-पंधरा जणांचा संघ करून, एखादं घर भाड्याने घेऊन, आठवडा-दोन आठवडे सकाळपासून रात्रीपर्यंत. काय करतात? इतर सगळे काय आणतील याचा अंदाज.

आपल्याकडे हे कोणत्याही शेतकऱ्याला कळेल. मागच्या साली कांद्याला भाव आला म्हणून यंदा सगळ्या शिवारात कांदा. सगळीकडे कांदा झाला की भाव कोसळणार. ज्याने हे आधी ताडून दुसरं काही लावलं तो तरला. पण त्याच्यासारखंच सगळ्यांनी ताडलं तर? डेकचं तसंच आहे. 'सगळ्यात भारी डेक' असं काही नसतं. बाकीच्यांनी काय आणलंय यावर तुमचा भारी की हलका ते ठरतं. या एकूण हवेला खेळाडू 'मेटा' म्हणतात.

फेब्रुवारी २०१६ ची अटलांटाची प्रो टूर याचं ठसठशीत उदाहरण. नव्या आलेल्या एल्ड्राझी जातीच्या राक्षसांची पानं आणि 'आय ऑफ उगिन' नावाची एक जुनी जमीन एकत्र केली तर काय होतं हे मोजक्या संघांनी बंद दाराआड शोधलं होतं. इतरांना त्याचा वास पुरेसा लागला नाही. शेवटच्या आठांपैकी सहा जण तेच राक्षस घेऊन बसलेले. मग काय झालं? दोनच महिन्यांत, एप्रिलमध्ये, कंपनीने आय ऑफ उगिनवर त्या प्रकारच्या खेळात बंदी घातली. म्हणजे ज्या शोधावर संघ जिंकले, तो शोध एका घोषणेत निकालात निघाला. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आणि नुसता घरून आणलेला कॅट पुरत नाही. प्रो टूरमध्ये काही फेऱ्या ड्राफ्ट पद्धतीने होतात. आठ जण गोल बसतात, प्रत्येक जण एक नवं पाकीट फोडतो, एक पान ठेवून बाकीची शेजाऱ्याकडे सरकवतो. दिवाळीच्या फराळाचं ताट फिरतं तसं, फक्त इथे शेजाऱ्याने चकली सोडली की लाडू सोडला यावरून त्याच्या मनात काय आहे ते ओळखायचं. हाती आलेल्यातून तिथल्या तिथे चाळीस पानांचा डेक बांधायचा. घरची तयारी इथे पाठ करून येत नाही.

मग कमाई किती?

आता बहिणीला हवा होता तो आकडा. २०२३ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाला झालेल्या प्रो टूरची एकूण बक्षिसं पाच लाख डॉलरची होती. जिंकला अमेरिकेचा रीड ड्यूक, त्याला ५० हजार डॉलर, तेव्हाच्या दराने एक्केचाळीस लाख रुपये. छान वाटतं. पण वरचंच गणित पुढे नेऊ. साठ टक्क्यांचा खेळाडू सहांत एकदा शेवटच्या आठात येतो. तिथून तीन सामने ओळीने जिंकले तर विजेता. गुणाकार केला की उत्तर येतं अठ्ठावीस स्पर्धांत एकदा. वर्षाला अशा स्पर्धा तीन. म्हणजे जगातल्या उत्तम खेळाडूंपैकी एक असलात तरी पहिलं बक्षीस सरासरी नऊ वर्षांतून एकदा. तेही प्रत्येक स्पर्धेला पात्र ठरलात तर, आणि पात्रता ही स्वतंत्र लढाई. दुकानातल्या छोट्या स्पर्धेपासून सुरू करून प्रादेशिक स्पर्धा जिंकत वर चढावं लागतं. मधल्या काळात खालच्या क्रमांकांची बक्षिसं मिळतील, पण विमान, हॉटेल, व्हिसा, पानं यांचा खर्च त्यातूनच निघायचा.

जर्मनीच्या काय बुडेची (मराठीत हा प्रश्न वाटतो, पण नाव आहे) कामगिरी या हिशेबाशेजारी ठेवली की डोळे विस्फारतात. १९९९ ते २००३ या पाच वर्षांत सात प्रो टूर विजेतेपदं, त्यांत १९९९ ची जागतिक स्पर्धा. 'काय रविवारी हरत नाही' अशी म्हणच पडली होती, कारण अंतिम फेऱ्या रविवारी असत. त्या जागतिक विजेतेपदाचं बक्षीस ३४ हजार डॉलर. त्याच खेळातल्या जागतिक विजेतेपदासाठी फेब्रुवारी २०२० मध्ये ब्राझीलच्या पाउलो व्हिटोर दामो दा रोझाला मिळाले तीन लाख डॉलर. बुडेच्या रकमेच्या जवळजवळ नऊ पट. पुढे २०२२ च्या जागतिक विजेत्याला मिळाले एक लाख. दोन वर्षांत एक तृतीयांश.

खेळ तोच, कौशल्य तेच. मग हा आकडा फुगतो आणि फुटतो का?

कसणारा एक, सातबारा दुसऱ्याचा

माझ्या मते या पेशाची सगळी गोम इथे आहे. बुद्धिबळाचा मालक कोणी नाही. जागतिक संघटनेशी भांडण झालं तर वेगळी स्पर्धा भरवता येते, उंटाची चाल बदलायचा कोणाला अधिकार नाही. क्रिकेटमध्येही मंडळं कितीही दांडगी असली तरी बॅट-बॉल त्यांच्या मालकीचे नाहीत. मॅजिकचं तसं नाही. नियम कंपनीचे, पानं कंपनी छापते, कोणतं पान बाद ते कंपनी ठरवते, सर्वांत मोठ्या स्पर्धा कंपनी भरवते, बक्षीसही कंपनी देते. १९९९ पासून ही कंपनी हॅस्ब्रो या खेळणी बनवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या पोटात आहे. खेळाडू जमीन कसतो, सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं.

प्रो टूर सुरू झाली ती १९९६ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला. कल्पना कंपनीतल्या स्काफ एलायस यांची. विचार सरळ होता: पोरांना काहीतरी वर बघायला हवं. टेनिसच्या शिकाऱ्याला विम्बल्डन असतं, तसं गल्लीतल्या दुकानात शुक्रवारी रात्री खेळणाऱ्याला वाटलं पाहिजे की इथून तिथे जाता येतं. ते वाटलं की तो खेळ सोडत नाही, आणि पाकिटं घेत राहतो. यात वाईट काही नाही. पण म्हणजे व्यावसायिक खेळाडूचं बक्षीस हा कंपनीच्या हिशेबात जाहिरातीचा खर्च आहे. जाहिरातीचा खर्च वर्षागणिक कमी-जास्त होतो, हे कोणत्याही दुकानदाराला विचारा.

एप्रिल २०१६ मध्ये हे ठळकपणे उघडं पडलं. वर्षभर गुण कमावून सर्वांत वरच्या 'प्लॅटिनम' पायरीवर गेलेल्या खेळाडूंना प्रत्येक प्रो टूरला नुसतं हजर राहायचे तीन हजार डॉलर मिळत. हीच त्यांची खरी पगारासारखी कमाई. ती अडीचशे डॉलरवर आणत असल्याची घोषणा झाली. खेळाडूंनी वर्षभर जिवाचं रान केलं ते तीन हजारांच्या भरवशावर. ओरडा एवढा झाला की कंपनीने काही दिवसांतच निर्णय मागे घेतला. २०१८ मध्ये तर गेरी थॉम्पसन या प्रो टूर विजेत्याने जागतिक स्पर्धेवर बहिष्कार टाकला, पात्र ठरून घरी बसला. तक्रारींत मुख्य मुद्दा हाच, की या पेशाला पायाच नाही.

मग डिसेंबर २०१८ मध्ये चित्र एकदम पालटलं. बत्तीस खेळाडूंची मॅजिक प्रो लीग, प्रत्येकाला वर्षाला ७५ हजार डॉलरचा करार. मार्च २०१९ मध्ये बॉस्टनच्या एका स्पर्धेत इटलीच्या आंद्रेआ मेंगुच्चीने अडीच लाख डॉलर जिंकले. त्या वेळी कंपनीचा संगणकावरचा मॅजिक अरीना हा अवतार नवा होता आणि ई-स्पोर्ट्सचा, म्हणजे संगणकावरच्या खेळांच्या स्पर्धांचा, सगळीकडे बोलबाला होता, तेव्हा पैसा तिकडे वळवला. खेळाडूंनी नोकऱ्या सोडल्या, शिक्षणं लांबवली. वर्षभरात कोरोना आला, हॉल बंद झाले. मे २०२१ मध्ये कंपनीने कळवलं: लीग बंद करतोय, पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडू हे आता आमचं उद्दिष्ट नाही.

यातला गमतीचा, किंवा कडवट म्हणा, भाग पुढे आहे. २०२२ मध्ये मॅजिकची वर्षाची विक्री शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेली, हॅस्ब्रोच्या इतिहासात असा आकडा गाठणारा पहिला ब्रँड. बत्तीस खेळाडूंचे करार मिळून वर्षाला चोवीस लाख डॉलर, म्हणजे या विक्रीच्या पाव टक्क्याहूनही कमी. पैसा नव्हता म्हणून लीग बंद झाली नाही. लीग असो नसो, पाकिटं खपतात हे कळलं म्हणून बंद झाली. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर कंपनीचं निरीक्षण चूक नव्हतं. मॅजिक घेणारी बहुतेक माणसं घरच्या टेबलावर मित्रांसोबत खेळतात, त्यांना प्रो टूर कोण जिंकलं याचं काही पडलेलं नसतं. मला कंपनीचा राग येतो तो बंद करण्याचा नाही, आधी पोरांना नोकऱ्या सोडायला लावण्याचा.

यू-गी-ओचे मालक कोनामी तर रोख बक्षीसच देत नाहीत, खास छापलेली कार्डं आणि वस्तू देतात. एका अर्थी ते जास्त सरळ. निदान कोणाला भ्रम होत नाही.

मग खरे प्रो जगतात कशावर?

खेळाच्या आजूबाजूच्या कामांवर. सुटी कार्डं विकणाऱ्या मोठ्या दुकानांच्या संकेतस्थळांवर लेख लिहायचे. वाचक लेख वाचतो आणि शेजारच्या बटणावर त्या डेकची पानं घेतो. ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावर खेळताना दाखवायचं. शिकवण्या घ्यायच्या. समालोचन करायचं. आपल्याकडचा तबलजी जसा मैफिलीच्या बिदागीवर जगत नाही, क्लास आणि साथीवर जगतो, तसं. मैफल नाव देते, क्लास भाकरी.

काही जण मालकाच्याच घरात गेले. १९९७ ची शिकागो प्रो टूर जिंकलेला रँडी ब्यूलर पुढे त्याच कंपनीत खेळ घडवणाऱ्या विभागात रुजू झाला. काही जण पोकरकडे वळले. डेव्हिड विल्यम्स हा मॅजिकचा खेळाडू २००४ च्या पोकरच्या जागतिक मालिकेत दुसरा आला आणि त्याला पस्तीस लाख डॉलर मिळाले, म्हणजे मॅजिकच्या प्रो टूरची सत्तर पहिली बक्षिसं एका फटक्यात. आणि जॉन फिंकेल, ज्याला पुष्कळ लोक आजवरचा सर्वोत्तम खेळाडू मानतात, २००० चा जगज्जेता, तो न्यूयॉर्कमध्ये हेज फंडाच्या, म्हणजे बड्या लोकांचा पैसा बाजारात गुंतवण्याच्या, धंद्यात गेला. तरी २००८ मध्ये क्वालालंपूरला येऊन आणखी एक प्रो टूर जिंकून गेला. अपुऱ्या माहितीवर, थोड्याशा वरचढ शक्यतेवर, पुन्हा पुन्हा शांत डोक्याने पैज लावायची: काम तेच, फक्त मोबदला देणारा बदलला.

हा जुगार झाला की!

आपल्याकडे पत्ते म्हटलं की हा शब्द येतोच, त्यात ऑगस्ट २०२५ चा ऑनलाइन मनी गेमवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा ताजा आहे. तेव्हा दोन ओळी. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानला होता, कारण पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कोणतं धरायचं कोणतं टाकायचं हे ठरवावं लागतं. नव्या कायद्याने ऑनलाइन पैसे लावून खेळण्यापुरता हा कौशल्य-नशीब भेदच बाजूला ठेवला. पैसा लावून खेळता ना, मग बंद. ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. कार्ड गेमच्या स्पर्धेत दोन खेळाडू एकमेकांविरुद्ध पैसे लावत नाहीत. बक्षीस आयोजक देतो. मी वकील नाही, पण फरक हा आहे. माझ्या मते जुगाराचा वास स्पर्धेपेक्षा सीलबंद पाकिटाला जास्त येतो. आत भारी कार्ड निघेल या आशेने दहावं पाकीट फोडणारं पोर आणि लॉटरीच्या टपरीवरचा माणूस यांच्यात फार अंतर नाही.

दुसरी शंका: जो जास्त पैसे ओततो तोच जिंकणार ना? थोडं खरं आहे. चांगल्या डेकला काही शे डॉलर लागतात आणि त्याखाली दार उघडत नाही. पण दार उघडल्यावर प्रो टूरमध्ये सगळ्यांकडेच सगळी पानं असतात. महागड्या रॅकेटने बॅडमिंटन सुधारत नाही एवढं तर आपण क्लबात रोज बघतो.

आपल्याकडून कोणी?

आहेत. भुजच्या तीर्थ मेहताने २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत हार्थस्टोनमध्ये कांस्य मिळवलं. हार्थस्टोन हा फक्त संगणकावर खेळायचा कार्ड गेम, मॅजिकचा धाकटा चुलतभाऊ. ई-स्पोर्ट्स तेव्हा प्रदर्शनी स्वरूपात होते, त्यामुळे ते पदक तक्त्यात धरलं गेलं नाही. गंमत म्हणजे त्याच स्पर्धेत साध्या बावन्न पानांवर भारताला सुवर्ण मिळालं: ब्रिजमध्ये प्रणव वर्धन आणि शिबनाथ सरकार. वर्धन तेव्हा साठ वर्षांचे होते. ब्रिजचाही सातबारा कोणाच्या नावावर नाही, म्हणून साठीतही खेळ तोच राहतो, कोणी परवाच्या घोषणेत एक्का बाद करत नाही.

प्रत्यक्ष कार्डांवरच्या पेशासाठी भारतातून अडचण कौशल्यापेक्षा भूगोलाची जास्त. ब्राझीलच्या पोर्तो आलेग्रीहून येणाऱ्या दामो दा रोझाला वर्षानुवर्षं अमेरिका-युरोप-जपान असा प्रवास करावा लागला. नाशिक किंवा कोल्हापूरहून निघणाऱ्याला त्यात व्हिसाची रांग आणि रुपयाचा भाव आणखी जोडा. २०२० च्या विजेतेपदानंतर कंपनीने दामो दा रोझाचा चेहरा एका कार्डावर छापला, 'एलीट स्पेलबाइंडर'. जगज्जेत्याला मिळणारा हा सगळ्यात मोठा मान. ते कार्ड चाळीस कोटींचं नाही. सुट्या पानांच्या खोक्यात चहा-वडापावच्या किमतीच्या आसपास मिळून जातं.

हे सगळं बहिणीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे खेळू दे, पण नोकरी सोडू नको असं सांगायचं ना? त्याला अजून नोकरीच नाही." मी म्हटलं, आत्ता फक्त पाकिटांचे पैसे महिन्याला किती ते ठरव, आणि स्पर्धा असेल तिथे नेऊन सोड. पुढचं पुढे.

परवा पुन्हा फोन. या वेळी तक्रार माझ्यावर. भाच्याने प्रयोगानंतर दोन्ही कॅट जसे हाताला आले तसे डब्यात भरले होते. रविवारी पाहुणे आले, मेंढीकोटचा डाव रंगला, भावोजींनी तीन दश्श्या उचलून कोट केल्याच्या थाटात मिशीवर हात फिरवला, आणि समोरच्यांनी शांतपणे आपल्या दोन टाकल्या.